मूल होण्यासाठी ऑपरेशन सुचवलंय? होकार देण्याआधी एवढं पाहा

ऑपरेशन थिएटरचं दार उघडून मी बाहेर आले की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "सिस्टर, नळ्या उघडल्या का?" विचारणारी कधी आई असायची, कधी सासूबाई, कधी भिंतीला टेकून उभा असलेला नवरा. नाशिकमधल्या स्त्रीरोग रुग्णालयांत मी सव्वीस वर्षं थिएटर सिस्टर होते. त्या प्रश्नामागचा जीव मला कळायचा. पण मुळात नळ्या, म्हणजे अंडाशयाकडून गर्भपिशवीकडे बीज नेणाऱ्या गर्भनलिका, बंद होत्या का, ऑपरेशन नळ्यांचं होतं का, हे कितीतरी घरांना माहीतच नसायचं. कुणीतरी 'दुर्बीण टाकून बघू' म्हणालं, तारीख मिळाली आणि माणसं निफाडहून, सुरगाण्याहून, सिन्नरहून पिशव्या भरून आली, एवढंच.

ज्यांच्या हातात नुकताच असा कागद पडलाय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्यायचा. त्यांच्यासमोर बसाल तेव्हा डोक्यात तीन प्रश्न पक्के असू द्या. माझ्यात अडथळा कोणता आहे? तो नक्की आहे हे कशावरून ठरवलं? आणि तो काढल्याने दिवस राहण्याची शक्यता वाढते का? या तीन उत्तरांशिवाय तारीख घेऊ नका.

आधी नवऱ्याची तपासणी, मग तुमचं पोट

एक वर्ष नियमित संबंध असूनही दिवस राहिले नाहीत तर तपासण्या सुरू करायच्या. बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर वर्ष थांबायचं नाही, सहा महिने पुरे. पाळी फार अनियमित असेल, पाळीत असह्य दुखत असेल, पूर्वी टीबी झाला असेल किंवा अपेंडिक्स फुटून मोठं ऑपरेशन झालं असेल तर त्याआधीच जा.

पहिली तपासणी नवऱ्याच्या वीर्याची. हे मी मुद्दाम आधी लिहिते, कारण हीच तपासणी सगळ्यात उशिरा होताना मी पाहिली. सर्वांत सोपी, सर्वांत स्वस्त, सुई नाही, भूल नाही. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा आणि काही कमी आलं तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. दिंडोरीकडची एक मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. सहा वर्षांत दोनदा तिच्या पोटातून दुर्बीण टाकली गेली होती. तिसऱ्या ठिकाणी आल्यावर डॉक्टरांनी नवऱ्याचा रिपोर्ट मागितला, तर तो कधी काढलाच नव्हता. काढला तेव्हा शुक्राणू शून्य निघाले. तिच्या पोटावरच्या त्या खुणा कशासाठी होत्या, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, सुनेला थिएटरमध्ये पाठवण्याआधी मुलाला लॅबमध्ये पाठवा.

तुमच्या तपासण्यांत थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या हार्मोन्सची रक्ततपासणी, अंडाशयातला साठा सांगणारी एएमएच आणि आतून केलेली सोनोग्राफी येते. नळ्यांसाठी एचएसजी, म्हणजे नळ्यांचा एक्स-रे. पाळी थांबल्यावर, पाळी सुरू झाली त्या दिवसापासून मोजून साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात तो काढतात. गर्भपिशवीत रंगद्रव्य सोडतात आणि ते नळ्यांतून पलीकडे पडतं का ते पाहतात. पाळीसारखी कळ येते, म्हणून आधी गोळी घ्यायची का ते विचारून ठेवा. हे दिवस पाळीवर ठरतात, आपल्या सोयीवर नाही. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीचे तीन दिवस असोत की वणीच्या गडावर ओटी भरायची असो, मनाला आधार मिळत असेल तर जरूर करा, फक्त ते दिवस सोडून करा. एक चुकला की महिना गेला.

एचएसजीत 'नळी सुरुवातीलाच बंद' असं आलं तर लगेच रडू नका. कळ येताना नळीचं तोंड आवळलं जातं आणि उघडी नळीही बंद दिसते. असे रिपोर्ट पुढच्या तपासणीत खोटे ठरताना मी पुष्कळदा पाहिलेत.

आता 'पिशवी साफ करणं', म्हणजे क्युरेटिंग, याबद्दल. 'एकदा पिशवी साफ करून घे, मग राहील' हा सल्ला अजून गावोगावी मिळतो. मूल राहावं म्हणून नुसतं क्युरेटिंग करण्याला काही आधार नाही. उलट पुन्हा पुन्हा खरवडल्याने पिशवीच्या आतल्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात आणि पाळी कमी होत जाते. टीबीसाठी किंवा दुसऱ्या कारणासाठी आतल्या अस्तराचा नमुना हवा असेल तर तो वेगळा विषय. तेव्हा कारण विचारा आणि तपासणीचा रिपोर्ट हातात घ्या.

कोणत्या दोषात ऑपरेशन खरंच कामाचं

आपल्याकडे दोन शब्द चालतात. 'खालून दुर्बीण' म्हणजे हिस्टेरोस्कोपी, योनिमार्गातून गर्भपिशवीच्या आत. टाका नाही, बहुधा त्याच दिवशी घरी. 'पोटातून दुर्बीण' म्हणजे लॅप्रोस्कोपी, पोटात वायू भरून बेंबीजवळ आणि बाजूला छोटी छिद्रं पाडून. दोन्ही एकाच भुलीत करतात तेव्हा कागदावर दोन्ही लिहिलेलं असतं. आपलं कोणतं, ते नीट वाचा.

पिशवीच्या आत मांसाचा कोंब म्हणजे पॉलिप असेल, किंवा फायब्रॉइडची गाठ आतल्या पोकळीत घुसली असेल, तर ती काढण्यात अर्थ आहे. गर्भाला रुजायला जागाच नीट नसते. पण फायब्रॉइड हा शब्द ऐकून घाबरू नका, जागा विचारा. पिशवीच्या बाहेरच्या बाजूला लोंबणारी गाठ सहसा मूल व्हायच्या आड येत नाही. भिंतीतल्या गाठीबद्दल डॉक्टरांमध्येही एकमत नाही. तिथे आकार, संख्या आणि ती पोकळीला ढकलते का, यावर ठरतं. भिंतीतली खोल गाठ काढली तर तिथे शिवण पडते. मग तीन ते सहा महिने दिवस राहू द्यायचे नसतात, आणि पुढे बाळंतपण बहुधा सिझेरियनने करायला सांगतात, कारण कळांच्या ताणाने ती शिवण उसवण्याचा धोका असतो. हे ऑपरेशनच्या आधी कळायला हवं, नववा महिना लागल्यावर नाही.

पिशवीत पडदा असेल तर तो कापणं सोपं आहे, पण प्रत्येक पडदा कापलाच पाहिजे असं आता मानत नाहीत. वारंवार गर्भपात होत असतील तर डॉक्टरांशी बोलून ठरवा. चिकटलेल्या भिंती सोडवणं मात्र कसबी हाताचं काम आहे. त्यानंतर अस्तर वाढावं म्हणून गोळ्या देतात, त्या मधेच बंद करू नका.

नळ्यांविषयी सविस्तर सांगते, कारण सगळ्यांचा प्रश्न तोच असतो. नळी पिशवीच्या तोंडाशी बंद असेल तर खालून दुर्बीण घालून बारीक तार सरकवून ती मोकळी करता येते. दुसऱ्या टोकाला, अंडाशयाच्या बाजूला झालर चिकटली असेल तर पोटातून ती सोडवतात. वय कमी आणि नळी आतून चांगली असेल तर यात यश येतं. पण उघडलेली नळी ही चांगली नळी असेलच असं नाही. नळी म्हणजे नुसती पाइप नव्हे. तिच्या आत केसांहून बारीक लव असते आणि ती बीजाला पुढे नेते. ती जळून गेली असेल तर भोक मोकळं करून बीज पुढे जात नाही. अशा वेळी नळीवर वर्षं घालवण्यापेक्षा आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून पिशवीत सोडणं, बरं.

नळीत पाणी भरून ती फुगली असेल, हायड्रोसाल्पिंक्स म्हणतात तिला, तर डॉक्टर ती काढायला किंवा पिशवीजवळ क्लिप लावून बंद करायला सांगतात. घरात इथे मोठा धक्का बसतो, 'उघडायची सोडून काढताय कशाला?' ते पाणी पिशवीत झिरपतं, रुजू पाहणाऱ्या गर्भाला घातक ठरतं आणि आयव्हीएफचं यश जवळपास निम्म्यावर येतं. आयव्हीएफमध्ये बीज अंडाशयातूनच बाहेर काढतात, नळीची गरज उरत नाही. १९७८ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या जगातल्या पहिल्या टेस्टट्यूब बाळाच्या आईच्याही नळ्या बंद होत्या. डॉ. पॅट्रिक स्टेप्टो यांनी तिचं बीज पोटातल्या दुर्बिणीतूनच काढलं होतं. आज त्यासाठी दुर्बीण लागत नाही, सोनोग्राफीत बघून सुईने बीज घेतात. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून असं बाळ जन्मलं, तेव्हा आमच्या नर्सिंगच्या वर्गात पेपरचं कात्रण हातोहात फिरलं होतं.

नळ्या टीबीने खराब झाल्या असतील तर आधी टीबीची औषधं पूर्ण घ्यायची, साधारण सहा महिने. सरकारी केंद्रात ती मोफत मिळतात. खोकला नाही म्हणजे टीबी नाही असं समजू नका. हा टीबी पिशवीत आणि नळ्यांत गुपचूप बसतो. त्याने गेलेल्या नळ्या कापून-शिवून सुधारत नाहीत.

कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेल्या काही बायकांना पुन्हा मूल हवं असतं. मूल दगावलेलं असतं किंवा दुसरं लग्न झालेलं असतं. नळी पुन्हा जोडता येते. वय किती, नळी किती उरली आणि त्यावेळी रिंग टाकली होती की तुकडा कापला होता, यावर यश ठरतं. रिंग असेल तर नळीचं नुकसान कमी असतं. जुनं सर्टिफिकेट शोधून सोबत न्या आणि आधी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये विचारा. पेठ-सुरगाण्याच्या बायका यासाठी पहिल्यांदाच खासगीत कर्ज काढून येतात तेव्हा वाईट वाटतं.

इथे जरा थांबा: चॉकलेट सिस्ट आणि पीसीओडी

सर्वांत जास्त घाईची ऑपरेशनं मी या दोन नावांखाली पाहिली.

पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढतो त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. चॉकलेट सिस्ट म्हणजे त्यामुळे अंडाशयात साठलेलं जुनं, काळपट रक्त. सोनोग्राफीत गाठ दिसली की 'काढून टाका' हे घरच्यांचं पहिलं वाक्य. पण तिचं आवरण सोलताना चांगली बीजंही त्याबरोबर जातात. ऑपरेशननंतर एएमएच खाली येतं, आणि दोन्ही बाजूंना गाठी असतील किंवा दुसऱ्यांदा ऑपरेशन असेल तर जास्तच. नुसतं आयव्हीएफचं यश वाढावं म्हणून ही गाठ सरसकट काढू नये, असंच आता जाणकार सांगतात. दुखणं सहन होत नसेल, गाठीच्या स्वरूपाचा संशय असेल किंवा बीज काढताना ती सुईच्या आड येत असेल तर काढावी लागते. म्हणून आधी एएमएच करा, आकडा लिहून ठेवा, आणि गाठ काढण्याआधी बीज किंवा गर्भ गोठवून ठेवायचे का, हे विचारा. याउलट एंडोमेट्रिओसिसचे बारीक ठिपके पोटातून दुर्बीण टाकताना दिसले तर ते त्याच वेळी जाळणं किंवा काढणं फायद्याचं असतं, त्याने आपोआप दिवस राहण्याची शक्यता वाढते.

पीसीओडी म्हणजे हार्मोन्सच्या बिघाडाने अंडाशयात बीज वेळेवर तयार न होणं. त्यात अंडाशयाला दुर्बिणीतून बारीक छिद्रं पाडतात, त्याला ड्रिलिंग म्हणतात. हा पहिला उपचार नाही. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्के उतरलं तरी कितीतरी जणींची पाळी मार्गी लागते. बीज तयार व्हावं म्हणून आधी लेट्रोझोलच्या गोळ्या देतात. त्या योग्य मात्रेत काही महिने घेऊनही बीज फुटत नसेल तर ड्रिलिंगचा विचार. 'तुझ्या दोन्ही बाजूंना पीसीओडी आहे, दुर्बिणीने काढून टाकू' असं कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. पीसीओडी ही काढून टाकायची गाठ नसतेच.

नाशिकमध्ये कुठे जायचं आणि काय विचारायचं

त्र्यंबक रोडला सिव्हिल, आडगावला वसंतराव पवार मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, आणि गंगापूर रोड, कॉलेज रोड, मुंबई नाक्याच्या बाजूला खासगी दवाखान्यांची रांग. दुसरं मत घ्यायला मुंबई-पुण्याला जायलाच हवं असं नाही. फक्त पहिला दवाखाना ज्यांच्या नात्यातला, त्यांच्याकडेच दुसरं मत घेऊ नका. आयव्हीएफ सेंटर असेल तर २०२१ च्या कायद्याखाली त्याची नोंदणी आहे का ते विचारा. त्या कायद्याने बाईचं वय २१ ते ५० च्या दरम्यान असावं लागतं. पन्नाशी गाठलेल्या बाईला आशा दाखवून कुणी पैसे घेत असेल तर सावध राहा.

डॉक्टरांना विचारा की हे ऑपरेशन नाही केलं तर काय होईल. गोळ्या किंवा आयव्हीएफने काम होणार असेल तर ऑपरेशनने किती महिने वाचतात किंवा जातात? पस्तिशीच्या पुढच्या बाईसाठी सहा महिने फार मोठे असतात. शिवाय दुर्बीण टाकल्यावर वेगळंच काही दिसलं तर तुम्ही काय करणार, आणि आम्हाला बाहेर येऊन सांगणार का? नळी काढावी लागू शकते का, हे भूल द्यायच्या आधीच ठरलेलं बरं. संमतिपत्र मराठीत मागा, वाचा, मग सही करा. सही तुमची असते, सासऱ्यांची नाही.

खर्चात भूलतज्ज्ञ, थिएटर, औषधं आणि गाठीची तपासणी धरली आहे का, की नुसतं 'पॅकेज' सांगितलं, हे लिहून घ्या. मेडिक्लेममध्ये वंध्यत्वाचा उपचार बहुधा बसत नाही. फायब्रॉइड किंवा सिस्टचं ऑपरेशन रक्तस्रावासाठी, दुखण्यासाठी असेल तर बसू शकतं, पण त्यालाही अनेक पॉलिसींत सुरुवातीची काही वर्षं थांबावं लागतं. पॉलिसीचा कागद आधी दाखवा. सरकारी योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, त्याचं टेबल त्यासाठीच असतं.

ऑपरेशनचा दिवस

तारीख पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातली असते. त्या महिन्यात दिवस राहिले असण्याची शंका असेल तर लाजू नका, सांगा. द्राक्षाच्या हंगामामुळे महिनाभर पुढे ढकलणं तरुण मुलीला चालतं, पण ऑपरेशन झाल्यावर आठवड्याने क्रेट उचलायला जाणं चालत नाही. तेव्हा बागेचं वेळापत्रक आधी घरात बोलून घ्या.

भुलीआधी साधारण सहा तास जेवण नाही, पाणी कधी थांबवायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील. सासूबाईंनी प्रेमाने दिलेला पहाटेचा चहाही मोजला जातो. चोरून प्यायलात तरी भूल देणाऱ्याला खरं सांगा, उलटी फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. नखांना रंग किंवा मेंदी लावू नका, बोटाला लावायचं यंत्र त्यातून नीट वाचत नाही. अंगावरचे दागिने उतरवावे लागतात, कारण आत विजेच्या उपकरणाने कापतात. मंगळसूत्र उतरवताना अनेकींचे हात थरथरतात. मी ते नेहमी त्यांच्या आईच्या किंवा नवऱ्याच्या हातात देऊन मुठी बंद करायला सांगायचे. तेवढ्याने त्यांचा श्वास सुटायचा.

बाहेर थांबणाऱ्यांनी डॉक्टर आल्यावर 'झालं का नीट' एवढ्यावर भागवू नये. एकाने वही काढावी आणि लिहावं: काय दिसलं, काय केलं, काय केलं नाही, पुढे काय.

घरी आल्यावर

पोटातून दुर्बीण झाली असेल तर खांदा दुखतो. पोटात भरलेला वायू उरल्याने ते होतं, एक-दोन दिवसांत जातं, चालल्याने लवकर जातं. नळ्या तपासायला निळा रंग सोडला असेल तर पहिल्या दिवशी लघवी निळसर-हिरवी होऊ शकते, घाबरू नका. खालून दुर्बीण झालेली बाई दोन दिवसांत कामाला लागते. पोटातल्या दुर्बिणीला साधारण आठवडा द्या, मोठ्या गाठी काढल्या असतील तर तीन-चार आठवडे. पेठ रस्त्याने सावळ घाट उतरून जायचं असेल तर पहिली रात्र शहरात नातेवाइकांकडे काढणं बरं.

ताप १०० च्या वर चढत असेल, पोट फुगून दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, उलट्या थांबत नसतील, तासाला एक पॅड भिजत असेल, अंगावरून घाण वासाचं जात असेल किंवा एका पायाला सूज येत असेल तर सकाळची वाट पाहू नका.

डिस्चार्जच्या वेळी सविस्तर ऑपरेशन नोट, दुर्बिणीतलं चित्रण किंवा फोटो आणि गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट मागून घ्या. पुढच्या डॉक्टरांना पुन्हा पोट उघडून पाहायची वेळ त्यामुळे टळते. दिंडोरीच्या त्या मुलीकडे पहिल्या दुर्बिणीचा एकही कागद नव्हता, आणि दुसरी दुर्बीण केवळ त्यासाठी झाली होती.

पुन्हा प्रयत्न कधी सुरू करायचे तेही तारीख घालून लिहून घ्या. पॉलिप काढल्यावर पुढच्याच पाळीनंतर चालतं, खोल गाठ काढल्यावर महिने थांबायचं. आणि किती महिने वाट पाहून आयव्हीएफकडे वळायचं, हेही तेव्हाच ठरवा, नाहीतर 'अजून एक महिना बघू' करता करता दोन वर्षं जातात.

नळीवर काही काम झालं असेल तर शेवटचं एक. पाळी दोन-चार दिवसही पुढे गेली तर घरी टेस्ट करा आणि रेषा दिसल्या की त्याच आठवड्यात दवाखान्यात कळवा, म्हणजे सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी होईल. जोडलेल्या, उघडलेल्या नळीत गर्भ अडकून राहण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. पेढे वाटायच्या आधी गर्भ पिशवीतच आहे हे पाहून घ्या. एका बाजूला कळ येऊन चक्कर आली, घाम फुटला, खांदा दुखू लागला तर नवरा शेतात आहे, गाडी येईपर्यंत पडून राहू, असं करू नका. १०८ ला फोन करा आणि फोनवर पहिलं वाक्य हेच सांगा, 'मला दिवस गेलेत आणि माझ्या नळीचं ऑपरेशन झालंय.'